रामजन्म कोणत्या बाराला?

चैत्र शुद्ध नवमीला कोकणातल्या रामाच्या देवळांत दुपारी बारा वाजता पाळणा हलतो. घड्याळाच्या काट्याकडे बघत कीर्तनकार आख्यान आवरते घेतो, बाराचा ठोका पडला की गुलाल उधळला जातो आणि सुंठवडा हातावर पडतो. रामजन्म मध्यान्हीचा आणि मध्यान्ह म्हणजे बारा, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते. रोहे तालुक्यातल्या कोलाडला मात्र त्या क्षणी सूर्य अजून पूर्वेकडेच असतो. तो दक्षिणोत्तर रेषेवर यायला रामनवमीच्या सुमारास आणखी ३५ ते ४३ मिनिटे लागतात. कोलाड साधारण सव्वात्र्याहत्तर रेखांशावर आहे, भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. सव्वानऊ अंशांचे झाले ३७. बाकीची थोडी भर-घट पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे होते. त्यामुळे कोलाडचा खरा मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५१ मिनिटांच्या आसपास असतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २१ मिनिटांच्या.

मग राम जन्माला येतो तो घड्याळाच्या बाराला की सूर्याच्या?

हा प्रश्न आता नव्या दाराने घरात आला आहे. संकष्टीचा चंद्रोदय, एकादशीचे पारणे, परदेशातल्या लेकीला फोन करायची वेळ हे सारे लोक मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारू लागले आहेत. या सहायकाला जगातले ग्रंथ ठाऊक असतात, पण ‘आत्ता’ ठाऊक नसते. अफाट मजकूर वाचून तो घडतो, ते वाचन एका तारखेला थांबते आणि त्यापुढे आज कोणता वार आहे हे त्याला आतून कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून त्याच्या हाती घड्याळ द्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत जाहीर केली. बाहेरची साधने अशा सहायकाला कशी जोडायची, याचे ते नियम आहेत. त्या पद्धतीच्या नमुन्यादाखल दिलेल्या साधनांत एक वेळेचे आहे. त्याची कामे दोनच: सांगितलेल्या कालविभागात आत्ता किती वाजले ते सांगणे आणि एका विभागातली वेळ दुसऱ्या विभागात बदलून देणे. भारतासाठी त्याला ‘एशिया/कोलकाता’ असे नाव द्यावे लागते. कोलाड असो, पेण असो की इटानगर, नाव तेच.

साधन छोटे आहे, पण ते बनवणाऱ्यांना जे मान्य करावे लागले ते मोठे आहे. ठिकाण सांगितल्याशिवाय ‘आत्ता किती वाजले’ या प्रश्नाला उत्तर नाही. मराठी घरातली पूजा हे फार पूर्वीपासून जाणते. यजमानाने पळीने पाणी सोडण्याआधी गुरुजी ब्रह्मदेवाच्या दुसऱ्या परार्धापासून सुरुवात करतात. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचे पहिले चरण असे एकेक पायरी उतरत शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्रापर्यंत येतात. सोबतच भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर असा देशही उच्चारतात. देश आणि काळ सांगून झाल्याखेरीज संकल्प पुरा होत नाही. करणारा कुठे उभा आहे आणि कधी, हे आधी. काय करणार आहे, हे मागाहून.

साधनाचा ‘देश’ आणि संकल्पातला ‘देश’ यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साधनाचा देश कायद्याने आखलेला असतो, संकल्पातला आकाशाखालचा. कोलाडला तर हे दोन्ही एकाच गावात भेटतात. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेचे पहिले स्थानक कोलाड. मालाने भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून इथूनच सुटते. आणि कायद्याची वेळ या देशात आली ती मुख्यतः रेल्वेच्या रुळांवरून. एकोणिसाव्या शतकात गावोगावचा मध्यान्ह ज्याचा-त्याचा होता. गाड्या धावू लागल्या तशी मद्रासची वेळ रेल्वेची वेळ झाली. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी ती मुंबईवर लादायचा प्रयत्न केला तेव्हा शहर इतके खवळले की दोन वर्षांत तो बेत मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सध्याची प्रमाण वेळ आली, तीही मुंबईने सहज घेतली नाही. गिरणी कामगारांनी विरोध केला, कारण नव्या घड्याळाने त्यांना ३९ मिनिटे आधी, अंधारात कामाला उभे केले असते. ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘मुंबईची वेळ’ शहरात स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली.

कोलाडचा सूर्य आणि मुंबईची ती जुनी वेळ यांत सरासरीने जेमतेम दोन मिनिटांचा फरक होता. म्हणजे मुंबईच्या वेळेवर लावलेल्या घड्याळात बाराचा रामजन्म जवळजवळ खऱ्या मध्यान्ही होत असे. पुढे घड्याळ सरकले, ‘बारा’ हा आकडा मात्र भक्तांच्या तोंडी तसाच राहिला.

यावर घाईने देवळांना दोष देणे बरोबर नाही. धर्मशास्त्रातला मध्यान्ह हा एक बिंदू नसून दिवसाच्या पाच भागांपैकी तिसरा भाग आहे. चैत्रात कोकणात तो सुमारे साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत पसरलेला असतो आणि बाराचा ठोका त्यात आरामात बसतो. शास्त्रकारांनी कर्मासाठी काळाचे पट्टे आखले, कारण माणसे एकत्र जमायची, पाणी भरायचे, नैवेद्य शिजायचा. मिनिटाचा हट्ट घड्याळासोबत आला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पुरा केलेला ‘धर्मसिंधु’ उघडला तर कोणत्या व्रताला कोणती तिथी घ्यावी, याची चर्चा याच पट्ट्यांच्या भाषेत आढळते: इथे मध्यान्हाला असलेली, तिथे प्रदोषाला असलेली, संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी असलेली.

संकष्टीपाशी नव्या साधनाची खरी कसोटी लागते. समजा, एखाद्या महिन्यात मुंबईचा चंद्रोदय रात्री साडेनऊचा आहे. न्यू जर्सीतल्या सुनेने सहायकाला विचारले, ‘मुंबईचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे किती?’ उन्हाळ्यात दोन्हींत साडेनऊ तासांचे अंतर असते, म्हणून साधन बिनचूक सांगेल: दुपारचे बारा. गणिताला नाव ठेवायला जागा नाही आणि व्रताला मात्र त्याचा काही उपयोग नाही. दुपारी बाराला तिच्या डोक्यावर सूर्य आहे. तिचा चंद्र त्याच संध्याकाळी उशिरा, आठ-दहा तासांनी उगवेल. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी चार-पाच अंश दूर गेलेला असेल. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले बारा अंशांचे अंतर. तेव्हा मुंबईत चंद्रोदयाला असलेली चतुर्थी अमेरिकेतल्या चंद्रोदयापर्यंत संपलेलीही असू शकते. मग तिथली संकष्टी आदल्या दिवशीच होऊन गेलेली असते. सासरच्या मंडळींनी ‘आज संकष्टी’ म्हणून निरोप पाठवावा आणि सुनेच्या गावी पंचमीचा चंद्र उगवावा, असे परदेशातल्या मराठी घरांत घडू शकते. कालविभाग बदलून देणे आणि चंद्रोदय काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला कायद्याचे कोष्टक पुरते, दुसऱ्याला अक्षांश-रेखांश आणि आकाश लागते.

ते कायद्याचे कोष्टकही मोठे रंजक आहे. जगातल्या संगणकांत वेळेचे जे भांडार वापरले जाते ते १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केले आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळले. कोणत्या देशाने कोणत्या वर्षी घड्याळ कधी पुढे-मागे केले, याची ती नोंदवही. ३० सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतल्या एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने या दोघांवर दावा ठोकला. जुन्या वेळांची माहिती आमच्या ग्रंथातून घेतली, असे तिचे म्हणणे होते. दावा फेब्रुवारी २०१२ मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान भांडाराची जबाबदारी इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे गेली होती. ज्योतिष्यांच्या ग्रंथात अशा जुन्या वेळा असणे नवलाचे नाही. जन्माची खरी वेळ कळल्याशिवाय कुंडली मांडता येत नाही आणि लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते. शतकभरापूर्वी गावोगावची घड्याळे काय दाखवत होती, हे शोधण्याची गरज पत्रिका मांडणाऱ्यांइतकी फार थोड्यांना पडली असेल.

मराठी घरांतल्या जुन्या पत्रिका घेऊन बसणाऱ्याने इथे सावध राहावे. १९२०च्या सुमारास मुंबईत जन्मलेल्या आजोबांच्या कागदावरची वेळ ‘मुंबईची’ असेल तर आजच्या प्रमाण वेळेत येण्यासाठी तिच्यात ३९ मिनिटे मिळवावी लागतात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशातली घड्याळे तासभर पुढे होती. १९४३ साली रोह्यात सकाळी दहाला जन्मलेले मूल आजच्या वेळेने नवाचे. युद्धातला हा तास ‘एशिया/कोलकाता’च्या नोंदीत आहे. मुंबईची वेळ मात्र स्वतंत्र विभाग म्हणून नाही, कारण १९७० नंतर ज्या गावांची घड्याळे सारखी राहिली त्यांना एकाच नावाखाली घ्यायचे, हा भांडाराचा नियम आहे. शिवाय सहायकाला दिलेले ते छोटे साधन आपल्या मूळ रूपात वेळ बदलताना फक्त तास-मिनिटे विचारते आणि दिनांक आजचा धरते. आजोबांचा जन्म त्याच्या हाती दिला तर ते आजोबांना आजचे घड्याळ लावेल. पत्रिकेवर कुणाचा विश्वास असो वा नसो, एखाद्या माणसाच्या जन्माची नोंद चुकीच्या घड्याळात वाचणे हा त्या माणसावर अन्यायच आहे.

गणित आणि आकाश यांचा मेळ बसलाच पाहिजे, हा आग्रह कोलाडच्याच जिल्ह्याच्या मातीत रुजलेला आहे. केरो लक्ष्मण छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. लोकमान्य टिळकांचे ते गणिताचे गुरू. ग्रहगणिताच्या जुन्या करणग्रंथांवरून काढलेली ग्रहणे प्रत्यक्षाशी जुळेनात तेव्हा त्यांनी युरोपीय वेधांवर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये मराठीत आणली आणि त्यांच्याच पुढाकाराने नवे, पटवर्धनी पंचांग निघाले. सनातनी मंडळींचा त्यांच्यावर रोष झाला. छत्र्यांचे म्हणणे एवढेच होते की पंचांगात छापलेले डोळ्यांना दिसले पाहिजे. कसोटी कागदावर लागत नाही, आकाशात लागते.

हीच कसोटी कुंडलिकेच्या मुखाशीही लागते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी घेऊन ही नदी कोलाडवरून, रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला तिची वेळ विजेच्या गरजेने ठरते. राफ्टिंगवाले पाणी सुटण्याची वाट बघत थांबतात. खालच्या अंगाला चंद्राचे राज्य आहे. किनाऱ्यावरच्या कोळ्याला तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याला कालविभाग लागत नाही. आपले बंदर आणि आजची तिथी, एवढ्यावर होडी सुटते.

या किनाऱ्यावर आणखी एका समाजाने वेळ शेकडो वर्षे जिवापाड जपली. बेने इस्राएल यहुदी कोकणातल्या गावांत तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आजही गावाची आठवण सांगतात. मूळ समाजापासून तुटल्यावर ग्रंथ गेले, हिब्रू जवळजवळ विसरली गेली, भाषा मराठी झाली. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत काम करायचे नाही, हे राहिले. बाहेरच्या यहुद्यांना त्यांची ओळख पटली त्यात या शनिवाराचा वाटा मोठा होता. घड्याळाविना, कॅलेंडराविना पिढ्यान्‌पिढ्या सातवा दिवस न चुकता मोजणे ही काळाची केवढी मोठी उपासना!

आणि तरीही आकाश प्रत्येक वेळी पुरेसे पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून पळालेले यहुदी निर्वासित १९४१ मध्ये जपानच्या कोबे शहरात होते. त्यांच्यापुढे प्रश्न आला: तारीखरेषा नेमकी कुठे मानायची? इथला बुधवार हाच खरा बुधवार का? प्रायश्चित्ताचा उपवास कोणत्या दिवशी करायचा? जेरुसलेममध्ये जमलेल्या धर्मपंडितांनी स्थानिक दिवस पाळायला सांगितले. खझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थोर पंडितांनी मात्र पुढचा दिवस सांगितला. सूर्य दोन्ही दिवशी सारखाच उगवत होता. दिवसाला नाव देणे माणसांकडे होते. २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर अवकाशस्थानकावर जाणार होता तेव्हा त्याच्या देशातल्या धर्ममंडळाने नमाजाच्या वेळा यान जिथून सुटेल त्या जागेच्या धराव्यात असे ठरवले, कारण वर दीड तासाला एक सूर्योदय होतो. उत्तर ध्रुवाजवळच्या गावांत उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथेही जवळचे शहर धरा किंवा मक्केची वेळ धरा, असे निर्णय द्यावे लागले.

वैशेषिक तत्त्वज्ञांनी याची मांडणी फार पूर्वी करून ठेवली होती. त्यांच्या नऊ द्रव्यांत काल हे एक द्रव्य: एकच, नित्य, सर्वव्यापी. क्षण, प्रहर, दिवस हे भेद त्याचे स्वतःचे नव्हेत. सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे, म्हणजे बाहेरच्या निमित्तांमुळे, ते त्याच्यावर भासतात. या नजरेने पाहिले तर प्रमाण वेळ ही उपाधी, मुंबईची वेळ ही उपाधी आणि कोलाडचा मध्यान्हही उपाधीच. खोटी यांतली कुठलीच नाही. प्रत्येक कर्माने आपली उपाधी निवडायची असते, आणि ती निवड यंत्रावर सोडता येत नाही. गाडीला कायद्याची वेळ हवी, नाहीतर दोन गाड्या एका रुळावर येतील. संकष्टीला करणाऱ्याच्या डोक्यावरचा चंद्र हवा. रामजन्माला गावाने एकत्र येणे हवे आणि त्यासाठी बाराचा ठोका चालतो.

एक तिसरी वाट कोलाडपासून काही मैलांवर जन्मलेल्या माणसाने दाखवली. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० चा, रोह्याचा. परंपरेतली संध्या सूर्याशी बांधलेली: उगवताना, माथ्यावर असताना, मावळताना. शास्त्रीजींनी स्वाध्याय परिवारात रुजवलेली त्रिकाल संध्या माणसाच्या देहाशी बांधली. जाग आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना भगवंताचे स्मरण करायचे. स्मृतिदान, शक्तिदान, शांतिदान ही त्यामागची तीन दाने. किनाऱ्यावर झोपलेला कोळी आणि लंडनमध्ये रात्रपाळी करून सकाळी पडलेला कामगार दोघांनाही ती सारखीच शक्य आहे. हिला रेखांश लागत नाही, तारीखरेषा लागत नाही. देव आकाशात बघायचा की जाग आणणाऱ्या शक्तीत, याचे स्पष्ट उत्तर या वेळापत्रकात आहे. ज्याला दुपारी तीनला जाग आली त्याची सकाळ तीनला, हे मान्य करणारा धर्मविचार आजच्या पाळ्यांच्या जगासाठी फार मोलाचा आहे. मात्र त्याने जुन्या संध्येची जागा भरून निघत नाही. दिवसातून एकदा तरी सूर्याकडे बघायला लावणारी शिस्त माणसाला त्याच्या गावाशी जोडते, आणि ती गमावणे हे खरोखरचे नुकसान आहे.

वेळेचे साधन वापरू नये असे कुणी म्हणण्याचे कारण नाही. परदेशातल्या नातवाशी बोलताना ते हवेच. मध्यरात्री त्याची झोपमोड करून काय साधणार? पण व्रताची वेळ विचारताना सहायकाला गावाचे नाव आणि तारीख सांगावी, आणि ‘तिकडचे इकडे किती’ असे न विचारता ‘या गावी चंद्रोदय कधी, आणि तेव्हा तिथी कोणती’ असे विचारावे. उत्तर पंचांगाशी ताडून बघावे, आणि ढग नसतील तर गच्चीवर जाऊन आकाशाशीही. पुढच्या संकष्टीला लेकीला मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ पाठवू नका. तिच्या गावात चंद्र कधी उगवतो ते तिलाच बघायला सांगा, आणि त्याआधी तिथली चतुर्थी आज आहे की काल होऊन गेली, एवढे विचारून घ्या.